वाहन चालवण्यास योग्य

९ जानेवारी

आज चार पेशंट. त्यातली एक नुसती वजन करून गेली आणि एकाला पोस्टाचा रस्ता विचारायचा होता. बायपासजवळ ते काचेचं रुग्णालय झाल्यापासून माझ्या दवाखान्याची ही कळा आहे. सिस्टर शब्दकोडं सोडवत बसली होती. म्हणाली, "डॉक्टर, 'आता ज्याचा उपयोग नाही असं', चार अक्षरी?" मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस?" दोघी खूप हसलो. (शब्द 'कालबाह्य' होता.) घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

छप्पन्न हे काही पाटी उतरवायचं वय नाही. पण हल्ली दुपारी तीननंतर अंगात त्राण राहत नाही, हेही खरं. सकाळी उठते तीच डोकं धरून. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतोय.

१७ जानेवारी

डेपोचे मॅनेजर आले होते. आधी वाटलं, पित्ताचं औषध हवं असेल. पण काम वेगळंच निघालं. ट्रक, टँकर, बस चालवणाऱ्या सगळ्यांना ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ती तपासणी वाटेल त्या डॉक्टरला करता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळी परीक्षा. इतकी वर्षं आमच्या भागात ते काम म्हातारे डॉक्टर करायचे. ते दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. आता ड्रायव्हरांना सबंध दिवस घालवून शहरात जावं लागतं.

"मॅडम, तुम्ही का नाही करत?" मॅनेजर म्हणाले. "अवघड काही नाही हो. म्हातारे डॉक्टर तर चहा संपायच्या आत सही करायचे."

मी म्हटलं, मी चहा घेत नाही. ते हसले. मी गंमत केली नव्हती.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे भूगोलाचे मास्तर, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुळातच शब्द मोजून वापरणारा माणूस. म्हणाले, "कर." मग बऱ्याच वेळाने, "शहरात वर्गाला गाडीने जाणार का तू?" म्हटलं, मग काय घोड्यावर? तर म्हणाले, "मीही येत जाईन." कशाला, ते सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी

पहिला वर्ग झाला. बावीस जण, त्यातले निम्मे माझ्या लेकीपेक्षा लहान. एका मुलाने मला बघून झटकन उभं राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. त्याला वाटलं, मीच शिकवणार आहे. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा बिचारा लाजून लाल झाला.

शिकवणारे गृहस्थ चांगले आहेत. पहिलंच वाक्य म्हणाले, "तुमच्यासमोर बसलेला माणूस तुमचा पेशंट नाही. रस्त्यावरून जाणारे बाकीचे सगळे तुमचे पेशंट आहेत." तीस वर्षं मी समोरच्याचीच बाजू घेत आले. हे डोक्यात बसवायला वेळ लागेल.

प्रवासाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. घरी दिवसाला दहा वाक्यं न बोलणारे हे, मी गाडी चालवत असताना शेजारी बसून अखंड बडबडत होते! जाताना आणि येतानाही. नद्या, डोंगर, कुठल्या देशात काय पिकतं. वर मध्येच मला प्रश्न. "सांग, जगातलं सगळ्यात खोल सरोवर कुठलं?" उत्तर द्यायला उशीर झाला की खांद्याला हात लावून पुन्हा विचारायचे. येताना तर गायला लागले. ह्यांच्या गळ्याबद्दल न लिहिलेलं बरं. निवृत्तीनंतर माणसाला श्रोते कमी पडतात, असं ऐकलं होतं. हा प्रकार तोच असावा. तीन महिने दर शनिवारी हे सोसायचं आहे.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस वहीत लिहावासा वाटत नाही, म्हणूनच लिहिते.

दुपारी जेवणानंतर झोपेच्या विकारांवर व्याख्यान होतं. झोपेत घसा आतून बंद होतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. रात्रभर. माणसाला पत्ता नसतो आणि दिवसा तो चाकामागे पेंगतो. महत्त्वाचा विषय. पण त्या गृहस्थांचा आवाज इतका मऊ, खोलीत इतकं गरम, आणि जेवणात भात होता. पुढचं मला आठवतं ते सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय आणि शिकवणारे म्हणताहेत, "मॅडमनी प्रात्यक्षिकाची सोय केली, त्यांचे आभार."

मीही हसले. काय करणार? शेजारच्या मुलाने नंतर त्याची टिपणं दिली. गुणी आहे. यापुढे शनिवारी भात बंद.

२५ फेब्रुवारी

एक चिंतेची गोष्ट.

ड्रायव्हरची कानाची तपासणी अगदी साधी असते. पाच फुटांवरून कुजबुजत शब्द बोलायचा, त्याने तो परत म्हणून दाखवायचा. एका वेळी एक कान. सराव म्हणून सकाळी उठल्या उठल्या ह्यांना खुर्चीत बसवलं. उजवा कान उत्तम. डाव्या बाजूने "साबण" म्हटलं, उत्तर नाही. "पाऊस" म्हटलं, काही नाही. शेवटी "तुमचं पेन्शन बंद झालं" म्हटलं, तरी पेपर वाचताहेत!

मी नीट तपासणार, तेवढ्यात हे उठून न्हाणीघरात गेले. आल्यावर म्हणाले, "आता घे." आता डावा कानही ठीक! म्हणजे कमीजास्त होतंय. हे अधिक वाईट लक्षण. आणि हल्ली हे दुपारभर खुर्चीत मान टाकून झोपलेले असतात. डोळ्यांखाली काळं. निवृत्तीनंतर शरीर असं एकदम सैल पडतं बहुतेक.

६ मार्च

धुवायला टाकलेल्या ह्यांच्या पायजम्याच्या खिशात कापसाचा बोळा सापडला. कान वाहतोय आणि लपवताहेत! पुरुष जात. सरळ ओढत कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ती माझी जुनी मैत्रीण. तिने ह्यांना आत नेलं, दार लावलं, बराच वेळ तपासलं. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाली, "दोन्ही कान तरण्या पोरासारखे आहेत."

"मग तो कापूस?"

तिने ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. "सर सांगतील कधीतरी," ती म्हणाली. "आणि तू एकदा माझ्याकडे ये. घसा बघू तुझा." माझ्या घशाला काय झालंय? पेशंट मिळवायची ही तऱ्हा मला आवडली नाही.

११ मे

परीक्षा झाली. संगणकावर. आत जाताना घड्याळ, पर्स, रुमालसुद्धा काढून घेतला. शिंक आली तेव्हा पंचाईत. प्रश्न तिरके होते: सगळी उत्तरं बरोबर वाटतात आणि त्यातलं 'सर्वांत योग्य' निवडायचं. आयुष्यात कधी सर्वांत योग्य निवडलंय मी? ठीकठाक निवडून पुढे जात आले.

बाहेर आले तर हे फाटकाशी उभे. "कशी गेली?" म्हटलं, वाईट. म्हणाले, "तू एमबीबीएसच्या वेळीही हेच म्हणाली होतीस." आणि गाडीत बसल्याबरोबर, "सांग, सगळ्यात जास्त पाऊस..." मी म्हटलं, अहो, आज तरी नको! तरी गप्प बसले नाहीत.

२८ मे

पास! पास! पास!

सिस्टरने दवाखान्यात फुगे लावले. कुठून आणले देव जाणे, त्यांवर 'पहिला वाढदिवस' लिहिलंय. म्हणाली, खरंच आहे की ते.

१२ जून

नवी पाटी लागली आणि ड्रायव्हर यायला लागले. बाहेरचा बाक भरलेला असतो. कित्येक महिन्यांनी सिस्टरला "नंबरानं या, नंबरानं!" ओरडायला मिळालं, तिचा आवाजच सुधारला आहे.

काय एकेक वल्ली! एकाने डोळ्यांचा तक्ता सुरू करायच्या आधीच घडाघडा म्हणून दाखवला. मी डोळाही झाकलेला नव्हता. शांतपणे दुसरा तक्ता टांगला. तो म्हणाला, "मॅडम, हा आमच्याकडे नव्हता." चष्म्याला पाठवला. एक बसवाली बाई आली. मी गुडघ्यावर हातोडी मारली तर म्हणाली, "जोरात मारा हो, रोज तीन पोरं आणि पन्नास प्रवासी सांभाळते, मला काही होत नाही." नाडी घोड्यासारखी. तिला पूर्ण मुदतीचं प्रमाणपत्र देताना मलाच अभिमान वाटला.

रक्तदाबाचं नवं यंत्र मात्र बिघडलेलं आलंय. स्वतःवर लावून पाहिलं तर भलतंच जास्त दाखवतंय. सिस्टरवर लावलं तर ठीक. मग पुन्हा माझ्यावर जास्त. कंपनीला कळवलं आहे.

सिस्टरचा हातही हल्ली फार निसटतो. दुपारी मी टेबलाशी कागद वाचत असले की हमखास तिच्याकडून ट्रे पडतो. आज तर दोनदा. म्हटलं, "तुझ्या मनगटांचा एक्स-रे काढू या का?" म्हणाली, "माझी मनगटं ठीक आहेत डॉक्टर." आणि काहीतरी बोलणार होती, पण नाही बोलली.

३ जुलै

आज पहिल्यांदा एकाला थांबवलं.

डेपोत त्याला सगळे 'डोंगर' म्हणतात. दारातून आत आला तेव्हा खोलीतला उजेड कमी झाला. पेट्रोलचा टँकर चालवतो. माणूस हसरा. नजर उत्तम, कान उत्तम, साखर नाही, रक्तदाब थोडा वर. पण बाहेरच्या बाकावर, एवढ्या कलकलाटात, हा गाढ झोपला होता. सिस्टरला चार हाका माराव्या लागल्या. मानेचा घेर मोजायला टेप पुरेना. मी विचारलं, घोरता का?

"घोरतो की. मर्द माणूस आहे."

"सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं?"

"सकाळी कुणाला वाटतं, मॅडम? तुम्हाला वाटतं?"

"माझं सोडा," मी म्हटलं. "लाल सिग्नलला कधी डोळा लागलाय?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. "एकदा. मागच्याने हॉर्न दिला."

मी सांगितलं, झोपेची तपासणी करून या, तोवर प्रमाणपत्र देता येणार नाही. त्याचं हसू गेलं. उभा राहिला. "इतकी वर्षं टँकर चालवतोय, एक ओरखडा नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनी कधी मान मोजली नाही माझी. घरी बसून मी करू काय? भिंती बघू?"

मी म्हटलं, "तुमच्या मागे पेट्रोल भरलेलं असतं. आणि पुढे शाळेची बस असू शकते."

तो गेला. दार आपटलं नाही, अलगद लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

५ जुलै

मॅनेजरांचा फोन. "मॅडम, डोंगर माझा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे. तुम्ही अशी माणसं घरी बसवायला लागलात तर मला माझी सगळी पोरं पुन्हा शहरात पाठवावी लागतील." म्हणजे बाक पुन्हा रिकामा आणि सिस्टर पुन्हा शब्दकोड्याकडे. मी म्हटलं, पाठवा. फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिले. बरोबर केलं ना? पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. पण पुस्तकाच्या घरी बायको-मुलं नसतात.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "तू बरोबर केलंस. कुणीतरी करायलाच हवं होतं." आणि माझ्याकडे इतकं टक लावून बघितलं की मीच विचारलं, चेहऱ्याला काही लागलंय का? म्हणाले, "नाही. जेव."

१४ जुलै

सकाळी एक बारीकशी बाई आली. मी डोंगरची बायको, म्हणाली. मी मनाची तयारी केली. शिव्या ऐकायला लागणार. तिने ओढणीआडून हात बाहेर काढले आणि माझा हात धरला.

"डॉक्टर, तुम्ही अडवलंत म्हणून आभार मानायला आलेय. त्यांना नका सांगू. मी सांगून सांगून थकले, माझं कोण ऐकतं? ते घोरतात ना, त्याची मला भीती नाही वाटत. घोरणं थांबतं त्याची वाटते. एकदम सगळं गप्प होतं. मी जागी होते. मनात म्हणते, आता घेतील श्वास, आता घेतील. नाही घेतला की हलवते. मग मोठ्ठा आवाज करून पुन्हा सुरू होतात. सकाळी त्यांना काही आठवत नाही. म्हणतात, तूच नीट झोपत नाहीस."

तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मी तिला समजावलं, उपचार अगदी साधा आहे. रात्री नाकावर एक मुखवटा, त्यातून हवा येते, घसा उघडा राहतो. बहुतेक जण पुन्हा चाकामागे बसतात. ती रडली आणि हसलीही.

रात्री जेवताना ह्यांना हे सगळं सांगत होते. केस म्हणून फार नमुनेदार. मी म्हटलं, "बघा ना, बिचारी त्या शांततेची वाट बघत रात्रभर जागी असते."

हे म्हणाले, "हो. ते गप्प होणंच वाईट असतं."

मी घास घेत होते. म्हटलं, "तुम्हाला काय माहीत?"

ह्यांनी ताटाकडे बघितलं. भाताची शितं एकेक करून कडेला लावली. मी चमचा खाली ठेवला.

"अहो," मी म्हटलं. "तो कापूस."

"एकाच कानात घालतो," हे म्हणाले. "घोरणं जरा कमी ऐकू यावं म्हणून."

"आणि दुसरा?"

"दुसरा मोकळा ठेवतो. तू थांबलीस की कळायला हवं ना."

"आणि मग?"

"मग हलवतो."

किती दिवस, असं विचारायचं धाडस झालं नाही. ह्यांच्या डोळ्यांखाली बघितलं. सकाळीच दुसऱ्या एका चेहऱ्यावर हेच बघून मी मनातल्या मनात निदान केलं होतं.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. दोनदा. तू म्हणालीस, डॉक्टर मी आहे का तुम्ही?"

म्हटलं असणार. माझंच वाक्य आहे ते.

१५ जुलै

झोप आली नाही आणि त्यामुळे घोरलेही नसावे.

गाडीतली ती बडबड. ते गाणं. खांद्याला हात. वर्गाला जाताना-येताना प्रत्येक वेळी. मी त्याला श्रोत्यांची हौस समजत होते. डोकेदुखी, तीननंतरचं त्राण, बिघडलेलं यंत्र (कंपनीला पुन्हा कळवायचं, यंत्र ठीक आहे). सगळी लक्षणं पाठ करून परीक्षा दिली, शंभरातल्या ब्याण्णव मार्कांनी पास झाले.

दवाखान्यात पोचल्याबरोबर सिस्टरला विचारलं, "ते ट्रे?"

ती म्हणाली, "मुद्दाम पाडत होते, डॉक्टर. हाक मारायची हिंमत नव्हती." मग घाईघाईने, "पण एकही पोचा आलेला नाही ट्रेला, बघा!" मला हसू फुटलं ते थांबेना. बाहेरचे ड्रायव्हर डोकावून बघायला लागले.

संध्याकाळी गाडीची किल्ली ह्यांच्या हातात दिली. डोंगरला जो नियम, तो मला. हे खुशीने चाकामागे बसले. ह्यांच्या हातात गाडी म्हणजे सायकलवाले ओव्हरटेक करून जातात आणि जाताना हात करतात. भोगा.

२ ऑगस्ट

काल झोपेच्या प्रयोगशाळेत मुक्काम. डोक्याला, हनुवटीला, छातीला, पिंढऱ्यांना वायरी. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "नेहमीसारखं झोपा." वीस वायरी लावून नेहमीसारखं!

सकाळी केसांत डिंक, अंगात फुलाफुलांचा गाऊन, अशा थाटात चहाच्या यंत्राकडे जाताना समोरून डोंगर. त्याच्याही केसांत डिंक, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. दोघे जागच्या जागी उभे. पळावं म्हटलं तर कॉरिडॉर सरळसोट.

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मॅडम, तुमचं प्रमाणपत्र कुणी अडवलं?"

"माझ्या नवऱ्याने," मी म्हटलं.

तो असा हसला की नर्स धावत आली. मग त्याने माझ्यासाठी चहा आणला. मी चहा घेत नाही, पण घेतला. बाकावर बसून दोघांनी प्यायला. तो म्हणाला, "त्या दिवशी फार राग आला होता तुमचा. वाटलं, बाईला काय कळतंय, खुर्चीत बसून शिक्के मारते."

"कळत नव्हतंच," मी म्हटलं.

"आता?"

"आता थोडं कळतंय."

९ ऑगस्ट

अहवाल आला. माझे आकडे डोंगरपेक्षा वाईट! त्याला फोनवर सांगितलं तर केवढा खूश झाला. म्हणे, डेपोत सांगू का? म्हटलं, खबरदार. मग विचार केला आणि पुन्हा फोन लावून म्हटलं, सांगा.

१३ ऑगस्ट

मुखवटा आला. नाकावर चढवला, पट्टे आवळले, यंत्र सुरू केलं आणि आरशात बघितलं. अंतराळात निघालेली आजी. हे दारात उभे होते. हसू दाबून चेहरा जांभळा झाला होता. म्हटलं, "हसा, हसा!" पण तोंड उघडल्याबरोबर हवा भसकन बाहेर आली आणि शब्दाऐवजी भलताच आवाज झाला. मग मात्र हे भिंतीला धरून खाली बसले. इतक्या वर्षांत ह्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

१९ ऑगस्ट

पहिले काही दिवस कटकट झाली. पट्टा कानाला काचतो, नाक कोरडं पडतं. आज सकाळी मात्र उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते कळेना. दात घासताना लक्षात आलं: डोकं दुखत नाहीये.

दुपारी तीन वाजता सिस्टर ट्रे हातात घेऊन दारात उभी होती. मी जागी होते. तिने बघितलं, मान डोलावली आणि ट्रे परत नेला.

११ सप्टेंबर

डोंगर मुखवट्याच्या यंत्रातली नोंद घेऊन आला. रोज वापरलाय, रात्रभर. रक्तदाब खाली. बाकावर बसून जागा होता. शेजारच्या बसवाल्या बाईशी वाद घालत होता, डिझेल बरं की पेट्रोल. सगळं पुन्हा तपासलं. काही सवलत दिली नाही, त्यानेही मागितली नाही. एका वर्षाचं प्रमाणपत्र. सही करताना लक्षात आलं, मी पेन फार घट्ट धरलंय.

त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरून वाचला. "वाहन चालवण्यास योग्य," मोठ्याने म्हणाला. मग बाहेर जाऊन बाकावरच्या सगळ्यांना म्हणाला, "घोरत असाल तर आधीच सांगून टाका रे. बाईंपासून लपत नाही. त्यांना आतलं माहितीये."

दोन हात वर झाले. तिसरा अर्धा झाला आणि खाली गेला. सिस्टरने त्याचाही नंबर लिहून घेतला.

मॅनेजरांनी एकाही ड्रायव्हरला शहरात पाठवलेलं नाही. आज स्वतः आले होते. सगळे गेल्यावर, टोपी हातात घेऊन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, आमची मिसेस म्हणते की मी पण जरा..." त्यांना खुर्ची दिली आणि टेप काढली.

१४ सप्टेंबर

माझ्याही झोपेच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. किल्ली परत घेतली. हे म्हणाले, "मला जमायला लागलं होतं." मागे सायकलवाल्यांची रांग लागायची, ते ह्यांना दिसलं नसावं.

ह्यांचं मात्र ठीक नाही. मी गाढ झोपते आणि हे जागे. सवय गेलेली नाही. परवा मध्येच जाग आली तर हे उशीवर कोपर टेकून माझ्याकडे कान लावून बसलेले. "आवाजच येत नाही गं," म्हणाले, "म्हणून बघत होतो." यंत्राचा हिरवा दिवा दाखवला: हा लागलेला असला की श्वास चालू आहे, समजा. आता हे त्या दिव्याकडे बघत बसतात. ह्याला काय औषध देऊ? पुस्तकात नाही.

५ ऑक्टोबर

रविवार. सकाळी डोळे उघडले तर खोलीत ऊन आलेलं. शेजारी हे. पालथे, उशी मिठीत, तोंड उघडं. दोन्ही कान मोकळे. मी नाव घेऊन बघितलं, हललेसुद्धा नाहीत. एरवी माझ्या आधी उठून पेपर संपवलेला असतो. मी मुखवटा काढला, पाय न वाजवता बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

नऊ वाजले. साडेनऊ. तेवढ्यात फाटक वाजलं. डोंगर आणि त्याची बायको, हातात परड्यातल्या टोमॅटोंची टोपली. "सर कुठायत?" डोंगरने विचारलं. त्याचा साधा आवाज म्हणजे लाऊडस्पीकर.

"शू!" मी म्हटलं. "झोपलेत."

बायकोला लगेच कळलं. तिने नवऱ्याच्या दंडाला धरून कानात काहीतरी सांगितलं. आणि मग तो एवढा माणूस, चपला हातात घेऊन, चवड्यांवर, माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. खुर्ची ओढली नाही. चपला काखेत मारून, लहान मूल उचलावं तशी दोन्ही हातांनी उचलून ठेवली आणि अर्धाच टेकला, करकरेल म्हणून. आम्ही तिघं कुजबुजत बोलत होतो. ती मला टोमॅटोची झाडं कशी बांधायची ते सांगत होती. तिचा चेहरा उजळलाय. डोळ्यांखालचं काळं जवळजवळ गेलं. "आता मीच उशिरा उठते," तिने हळूच सांगितलं, "आणि चहा हे करतात. गोड फार करतात." डोंगरने खालच्या आवाजात त्याच्यावर काहीतरी स्पष्टीकरण दिलं. दूध उतू जाईल म्हणून मी गॅसपाशी उभी होते. भांडं वाजू नये म्हणून झाकणाखाली फडकं धरलेलं.

साडेदहाला आतलं दार उघडलं. हे बाहेर आले. गालावर उशीची घडी उमटलेली, केस उभे, पायजमा तिरका. दारातच थांबले. मान खाली घालून कुजबुजणाऱ्या आम्हा तिघांकडे बघितलं, मांडीवर चपला घेऊन बसलेल्या डोंगरकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि घाबरून विचारलं,

"कोण गेलं?"

डोंगर इतका वेळ धरून बसला होता. तो असा हसला की फडताळातले कप एकमेकांवर वाजायला लागले आणि खुर्ची शेवटी करकरलीच.